क्लबचा मालक मॅनेजर निवडतो, म्हणजे नक्की काय निवडतो?

फुटबॉल क्लबचा मॅनेजर, म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक, सतत बदलणारा मालक क्लबचं वाटोळं करतो, असं छातीठोकपणे सांगणाऱ्या चाहत्याला अडवायला एक नाव पुरतं: रोमान अब्रामोविच. २००३ साली या रशियन धनाढ्याने लंडनचा चेल्सी हा क्लब विकत घेतला आणि २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतरच्या निर्बंधांमुळे त्यांना तो सोडावा लागला. मधल्या १९ वर्षांत डझनाहून जास्त मॅनेजर आले आणि गेले. त्याच काळात चेल्सीने पाच वेळा प्रीमिअर लीग (इंग्लंडची सर्वोच्च साखळी स्पर्धा) आणि दोनदा चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा) जिंकली. पहिल्या चॅम्पियन्स लीगच्या वेळी रॉबेर्तो दी मात्तेओ नुसते हंगामी मॅनेजर होते. दुसरीच्या वेळी थॉमस टुखेल यांना येऊन जेमतेम चार महिने झाले होते.

समोरचा गडीही तयारीत असतो. त्याच्याकडे सर ॲलेक्स फर्ग्युसन असतात. नोव्हेंबर १९८६ मध्ये ते मँचेस्टर युनायटेडमध्ये आले. पहिला करंडक हाती लागला तो १९९० चा एफए कप, म्हणजे इंग्लंडमधली जुनी बाद फेरीची स्पर्धा, आणि पहिलं लीग विजेतेपद थेट १९९३ मध्ये. १९८९ संपता संपता तर प्रेक्षकांतून, तीन वर्षं सबबी ऐकल्या, आता निघा, अशा अर्थाचा फलक झळकला होता. क्लब चालवणाऱ्यांनी तेव्हा धीर धरला म्हणून पुढचं वैभव दिसलं, असा या पक्षाचा दावा.

दोन्ही उदाहरणं खरी आहेत आणि दोन्हींवरून काहीही सिद्ध होत नाही. धीर फळला म्हणून फर्ग्युसन आठवतात. धीर धरूनही ज्यांनी काहीच मिळवून दिलं नाही, असे मॅनेजर कुणाच्या लक्षात राहत नाहीत. अब्रामोविच यांच्याइतक्याच सपाट्याने माणसं बदलून गाळात गेलेले मालकही कमी नाहीत. वॉटफर्ड या इंग्लिश क्लबने २०१९-२० या एका मोसमात हावी ग्रासिया, किके सांचेस फ्लोरेस आणि नायजेल पिअर्सन अशा तिघांना घरी पाठवलं. पिअर्सन यांना तर शेवटचे दोन सामने उरले असताना. संघ खालच्या विभागात गेला तो गेलाच.

मग मालकाची निवड बरी की वाईट, हे ठरवायचं कशावरून? माझं मत असं की चाहते नावावरून भांडतात, आणि नाव ही त्या निर्णयातली सगळ्यात शेवटची पायरी असते. त्याआधी तीन गोष्टी ठरलेल्या असतात किंवा, बहुतेक वेळा, ठरवायच्या राहून गेलेल्या असतात: संघ खरोखर बिघडलाय की नुसतं नशीब रुसलंय, हातात असलेले खेळाडू कुठल्या पद्धतीने खेळू शकतात, आणि पुढचे खेळाडू घेणार कोण.

नशीब रुसणं

हा भाग समजला नाही तर पुढचं सगळं हवेत जातं, म्हणून इथे जरा थांबू. फुटबॉलमध्ये गोल फार कमी होतात. दोन्ही संघांचे मिळून एका सामन्यात साधारण तीन. त्यामुळे खांबाला लागून बाहेर गेलेला एक फटका किंवा बचावपटूच्या पायाला लागून आत गेलेला एक चेंडू आख्खा निकाल फिरवू शकतो. ३८ सामन्यांच्या मोसमात हे दान बऱ्यापैकी सारखं पडतं. पाच-सहा सामन्यांत पडत नाही. चांगला खेळणारा संघ पाचपैकी चार सामने हरू शकतो, आणि हरतोही.

मालक नेमका तेव्हाच मॅनेजरला काढतो. म्हणजे संघाची खरी कुवत आणि वाईट नशीब यांची बेरीज जेव्हा तळाला असते तेव्हा. त्यानंतर मैदानात काहीही बदललं नाही तरी नशीब आपल्या नेहमीच्या पातळीवर येतं, निकाल सुधारतात आणि श्रेय नव्या माणसाच्या पदरात पडतं. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. चाहते म्हणतात, बघा, नव्या मॅनेजरने ड्रेसिंग रूममध्ये जान आणली.

जान आलीच नव्हती असं मी म्हणत नाही. पण ती किती आली हे मोजण्याचा एक मार्ग आहे. डच अर्थतज्ज्ञ बास टेर वेल यांनी नेदरलँड्सच्या वरच्या लीगमधले १९८६ ते २००४ या काळातले निकाल घेतले. मॅनेजरची हकालपट्टी झालेले संघ त्यांनी एका बाजूला ठेवले. दुसऱ्या बाजूला ठेवले ते तेवढीच घसरण होऊनही मॅनेजर न बदललेले संघ. सावरले दोघेही, आणि जवळपास सारखेच. चाहत्यांना दुसरा गट कधी दिसतच नाही, कारण जो काढला गेला नाही त्याची बातमी होत नाही.

नशीब आणि कुवत वेगळी करण्यासाठी आता क्लब 'एक्सपेक्टेड गोल्स' हा आकडा वापरतात. कल्पना सोपी आहे. गोलवर मारलेला प्रत्येक फटका किती अंतरावरून, कुठल्या कोनातून, कशा परिस्थितीत मारला हे पाहून, तसल्या फटक्यांपैकी किती आत जातात ते काढायचं. पेनल्टीची किंमत पाऊण गोलाहून थोडी जास्त भरते; तीस मीटरवरून आशेने हाणलेल्या चेंडूची अगदी नगण्य. सामन्यातल्या सगळ्या फटक्यांची बेरीज केली की संघाने किती गोल करायला हवे होते याचा अंदाज मिळतो. स्कोअरबोर्ड आणि हा आकडा महिनोन्‌महिने जुळत नसले तर कुठेतरी नशिबाचा हात आहे.

युर्गन क्लॉप लिव्हरपूलला आले तेही याच वाटेने. २०१४-१५ मध्ये त्यांचा आधीचा जर्मन क्लब डॉर्टमुंड अर्धा मोसम झाला तेव्हा तळाच्या दोन संघांत होता आणि शेवटी सातवा आला. क्लॉप यांचा खेळ आता जगाला कळलाय, असं सर्रास बोललं जात होतं. लिव्हरपूलमध्ये संशोधनाचं काम पाहणारे इयन ग्रॅहम हे मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी त्या मोसमाचे आकडे पिंजून काढले आणि निष्कर्ष दिला की खेळाच्या दर्जावरून हा संघ बराच वर असायला हवा होता. ऑक्टोबर २०१५ मध्ये क्लॉप यांची नेमणूक झाली. २०१९ ची चॅम्पियन्स लीग आणि २०२० चं लीग विजेतेपद सगळ्यांना ठाऊक आहे.

मला याहून जास्त आवडतं ते ब्रेंटफर्डचं उदाहरण, कारण तिथे आकड्यांवर विश्वास ठेवायला छाती लागली. मालक मॅथ्यू बेनम सट्टेबाजीसाठी आकडेमोड करणाऱ्या धंद्यातून आलेले. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांचे मॅनेजर डीन स्मिथ ॲस्टन व्हिलाला गेले आणि सहायक थॉमस फ्रँक यांना बढती मिळाली. पहिल्या दहापैकी आठ सामने फ्रँक हरले. दुसऱ्या कुठल्याही क्लबात त्यांचं सामान बांधून दारात ठेवलं गेलं असतं. बेनम यांनी संघ कसा खेळतोय ते पाहिलं आणि काहीच केलं नाही. २०२१ मध्ये ब्रेंटफर्ड ७४ वर्षांनी पहिल्या विभागात पोचला.

म्हणून मॅनेजरला किंमतच नाही असं नव्हे. लीगमधलं स्थान बहुतांशी खेळाडूंच्या पगारावर ठरतं हे स्टीफन शिमान्स्की या अर्थतज्ज्ञाने अनेक वर्षांचे हिशोब मांडून दाखवलंय. तरी मधल्या फटीत मॅनेजर मावतोच. उनाई एमेरी नोव्हेंबर २०२२ मध्ये ॲस्टन व्हिलाला आले तेव्हा संघ तळाच्या आसपास घुटमळत होता. खेळाडू तेच, आणि मोसम संपला सातव्या क्रमांकावर. पुढच्या वर्षी चौथा. याला नुसतं नशीब म्हणणं हा आकड्यांचा अतिरेक झाला.

खेळाडू कुणाच्या मापाचे

मालकांच्या चुका सगळ्यात महाग पडतात त्या इथे. मॅनेजर एका दिवसात बदलता येतो. पंचवीस खेळाडूंचा संच बदलायला तीन-चार ट्रान्स्फर विंडो (खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचे ठरलेले काळ) लागतात. तोवर नव्या माणसाला जुन्याच्या मापाने शिवलेला सदरा घालून फिरावं लागतं.

नॉटिंगहॅम फॉरेस्टने २०२५ मध्ये याचा जणू धडाच घालून दिला. नुनो एस्पिरितो सांतो यांनी संघ मागे ओढून बचाव भक्कम केला, चेंडू मिळताच वेगाने प्रतिहल्ला चढवायला शिकवलं, आणि २०२४-२५ मध्ये सातवा क्रमांक मिळवून क्लबला जवळपास तीस वर्षांनी युरोपातल्या क्लब स्पर्धांत नेलं. मग त्यांचं आणि क्लबचं बिनसलं. सप्टेंबरमध्ये ते गेले आणि मालक एव्हांगेलोस मारिनाकिस यांनी आणलं आंजे पोस्तेकोग्लू यांना. हा माणूस बचावफळी मैदानाच्या मध्यापर्यंत चढवून सतत हल्ला करणारा, नुनो यांच्या अगदी विरुद्ध टोकाचा. तयारीला उन्हाळाही मिळाला नव्हता. आठ सामने झाले, एकही विजय नाही. ३९ दिवसांनी, चेल्सीकडून घरच्या मैदानावर हरल्यानंतर काही मिनिटांतच, त्यांना काढल्याचं जाहीर झालं. पाठोपाठ आले शॉन डाइश, पुन्हा बचावाला प्राधान्य देणारे.

त्या आठवड्यांत चाहत्यांचा वाद चालला होता तो पोस्तेकोग्लू चांगले मॅनेजर आहेत का यावर. एक बाजू म्हणे, त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी टॉटनहॅमला युरोपा लीग (चॅम्पियन्स लीगच्या खालची युरोपीय स्पर्धा) जिंकून दिली, १७ वर्षांतला पहिला करंडक. दुसरी म्हणे, त्याच मोसमात तोच संघ प्रीमिअर लीगमध्ये सतरावा आला. दोन्ही बरोबर. पण फॉरेस्टमध्ये विचारायचा प्रश्न त्यांच्याबद्दलचा नव्हताच. सप्टेंबरात, त्या संघाला, हा माणूस कशासाठी, असा तो मालकाला विचारायचा होता.

आता अब्रामोविच यांचं कोडं थोडं सुटतं. त्यांनी मॅनेजर भराभर बदलले, पण संघाचा कणा वर्षानुवर्षं तोच राहिला: गोलमध्ये पीटर चेक, मागे जॉन टेरी, मधल्या फळीत फ्रँक लँपार्ड, पुढे दिदिए द्रोग्बा. २०११ मध्ये आंद्रे व्हियास-बोआस यांना पोर्तोकडून सोडवून आणायला चेल्सीने दीड कोटी युरो मोजले होते. त्यांनी या जुन्या खोडांना बाजूला करायला घेतलं आणि मार्च २०१२ मध्ये तेच गेले. दी मात्तेओ यांनी जुन्यांना परत उभं केलं, आणि मे महिन्यात म्युनिकमध्ये बायर्नला पेनल्टीवर हरवून करंडक आला.

चेल्सीच्या नव्या मालकांनी २०२२-२३ मध्ये कणा आणि डोकं दोन्ही एकाच वेळी बदललं. दोन विंडोंत अर्ध्या अब्ज पौंडांहून जास्त खर्च झाला. टुखेल गेले, ब्रायटनहून ग्रॅहम पॉटर आले, तेही गेले, एका सामन्यापुरते ब्रुनो साल्तोर, मग लँपार्ड. क्रमांक बारावा. बदललेल्या मॅनेजरांची संख्या पाहिली तर अब्रामोविच यांच्यापेक्षा फार वेगळं काही घडलं नव्हतं.

आणि खेळाडू घेतो कोण? इंग्लंडमध्ये पूर्वी 'मॅनेजर' म्हणजे सबकुछ: संघ निवडणारा, डावपेच आखणारा, खेळाडूंची खरेदी-विक्री ठरवणारा. आता बहुतेक ठिकाणी त्याच्या शेजारी स्पोर्टिंग डायरेक्टर असतो आणि मॅनेजरचा 'हेड कोच' झालेला असतो. उद्देश चांगला आहे. कोच दोन-अडीच वर्षांत जातोच. खेळण्याची पद्धत आणि भरती टिकवणारं कुणीतरी मागे राहावं. ब्रायटनचे टोनी ब्लूम यांनी हे जमवलंय. सप्टेंबर २०२२ मध्ये पॉटर सहकाऱ्यांसकट चेल्सीला गेले, थोड्याच दिवसांत रॉबेर्तो दे झेर्बी रुजू झाले, आणि मोसम सहाव्या क्रमांकावर संपवून ब्रायटन इतिहासात पहिल्यांदा युरोपात गेला.

मँचेस्टर युनायटेडचं २०२४ साल याच्या बरोबर उलट. जुलैत डॅन ॲशवर्थ स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणून रुजू झाले. त्याच आठवड्यात एरिक टेन हाग यांचा करार वाढवला गेला. एफए कप जिंकल्याच्या आनंदात, असं म्हणायला हरकत नाही. उन्हाळ्यात खेळाडू घेतले ते त्यांच्या पद्धतीला साजेसे. ऑक्टोबरमध्ये त्यांनाच काढलं. त्यांच्या जागी आलेले रूबेन अमोरिम मागे तीन बचावपटू ठेवून खेळणारे, आणि संघ चौघांसाठी बांधलेला. डिसेंबरमध्ये ॲशवर्थही गेले. मे महिन्यात युनायटेड पंधरावा. अमोरिम हट्टी होते की नाही यावर चाहत्यांनी रकाने भरले. मला विचाराल तर, हट्टी माणूस जाणूनबुजून निवडल्यावर त्याच्या हट्टाची तक्रार करायला फारशी जागा उरत नाही.

काढण्याचा हिशोब

मालक घाबरून निर्णय घेतो असं आपण म्हणतो, पण घाबरण्यामागे गणित असतं. टेन हाग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना निरोप देण्यासाठी युनायटेडला १ कोटी ४ लाख पौंड मोजावे लागले. अमोरिम यांना पोर्तुगालच्या स्पोर्टिंग या क्लबकडून सोडवायला सुमारे १ कोटी १० लाख युरो. आंतोनियो कोंते आणि त्यांचे सहकारी गेल्यावर चेल्सीच्या हिशोबात, कोर्टकचेरीच्या खर्चासकट, २ कोटी ६६ लाख पौंड लागले. आकडे मोठे आहेत. पण प्रीमिअर लीगमध्ये तळाला राहिलेल्या संघालाही लीगकडून वर्षाला साधारण १० कोटी पौंड मिळतात, आणि खाली घसरलं की त्यातला मोठा वाटा जातो. त्यामुळे नव्या माणसाने घसरणीतून वाचण्याची शक्यता थोडीशी जरी वाढत असेल, तरी तळातल्या क्लबाच्या मालकाला तो जुगार परवडतो. आठव्या-दहाव्या क्रमांकावरच्या क्लबाला हे गणित लागू होत नाही, म्हणून तिथली हकालपट्टी जास्त तपासून पाहावी.

हकालपट्ट्या बरेचदा आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या सुट्टीच्या तोंडावर होतात, तेही उगाच नाही. नव्या माणसाला सरावाला दोन आठवडे मिळतात.

अजून एक फायदा ताळेबंदात दिसत नाही. १९६४ साली विल्यम गॅमसन आणि नॉर्मन स्कॉच या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी बेसबॉलबद्दल लिहिताना म्हटलं होतं की मॅनेजरला काढणं हा बळीचा बकरा देण्याचा विधी आहे. निकालांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, संतापाला मात्र वाट मिळते. स्टेडियममध्ये मालकाच्या नावाने शिमगा सुरू झाला की नवा चेहरा आणून निदान दोन-तीन महिने विकत घेता येतात. म्हणून 'मॅनेजर आउट'चा पुकारा करणारा चाहता कधी कधी नकळत मालकाच्याच सोयीचं बोलत असतो.

चाहत्यांच्या हातात यापेक्षा जास्त काही असावं का? जर्मनीत ५०+१ नियमाने क्लबातली बहुसंख्य मतं सभासदांकडे राहतात, काही अपवाद सोडून. रेआल माद्रिदचे सभासद अध्यक्ष निवडतात. इंग्लंडमध्ये २०२५ च्या फुटबॉल कायद्याने क्लबाचं बोधचिन्ह, रंग, मैदान असल्या बाबतींत चाहत्यांचा आवाज वाढला, मॅनेजरच्या निवडीत नाही. आणि निवडून आलेला अध्यक्ष शहाणा असतोच असंही नाही: २००३ मध्ये फ्लोरेंतिनो पेरेस यांच्या रेआल माद्रिदने लीग जिंकल्याच्या दुसऱ्याच दिवशी विसेंते देल बोस्के यांना नारळ दिला. पुढचं लीग विजेतेपद २००७ मध्ये आलं.

साउदॅम्प्टन, दोनदा

चाहते आणि मालक यांच्यात बरोबर कोण, याचा निकाल एकाच क्लबात दोन्ही बाजूंनी लागलेला पाहायचा असेल तर साउदॅम्प्टनकडे पाहावं.

नायजेल ॲडकिन्स यांनी लागोपाठ दोन वर्षं बढती मिळवून हा क्लब तिसऱ्या विभागातून प्रीमिअर लीगमध्ये आणला. जानेवारी २०१३ मध्ये त्यांच्या संघाने चेल्सीच्या मैदानावर दोन गोलांनी मागे असताना बरोबरी साधली. दोन दिवसांनी अध्यक्ष निकोला कोर्तेसे यांनी त्यांना काढलं. त्यांच्या जागी मॉरिसियो पोचेत्तिनो, ज्यांचा आधीचा क्लब एस्पान्योल त्यांनी सोडला तेव्हा स्पॅनिश लीगच्या तळाला होता आणि ज्यांना पत्रकार परिषदेत दुभाष्या लागत होता. चाहते खवळले, आणि खवळणं साहजिक होतं. पण क्लबला चेंडू गेल्या क्षणी प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडणारा, तरुण खेळाडू घडवणारा संघ हवा होता, आणि त्यासाठी माणूस हेरून आणला होता. पुढचा मोसम आठव्या क्रमांकावर संपला.

२०१४ च्या उन्हाळ्यात पोचेत्तिनो टॉटनहॅमला गेले. ॲडम ललाना, रिकी लँबर्ट, देयान लोव्हरेन, ल्यूक शॉ आणि कॅलम चेंबर्सही विकले गेले. यंदा हा संघ घसरणार, असं भविष्य वर्तवणाऱ्यांची रांग लागली. रोनाल्ड कूमन आले, आणि संघ सातवा आला.

मग २०१६-१७. कूमन यांच्या जागी आलेले क्लोद प्युएल यांनी संघाला लीग कप या इंग्लंडमधल्या दुसऱ्या बाद स्पर्धेच्या अंतिम फेरीत नेलं आणि आठवं स्थान मिळवलं. प्रेक्षक मात्र कंटाळले होते. घरच्या मैदानावर गोल होईनात, चेंडू इकडून तिकडे फिरत राही, आणि शेवटी शेवटी नाराजीच्या शिट्ट्या ऐकू येऊ लागल्या. जून २०१७ मध्ये क्लबने चाहत्यांचं ऐकलं. पुढच्या मार्चपर्यंत प्युएल यांच्या जागी आणलेले मॉरिसियो पेयेग्रिनोही घरी गेले होते, मार्क ह्यूज संघाला कसाबसा ओढत होते, आणि साउदॅम्प्टन सतरावा येऊन एका पायरीने वाचला.